फ्रेंच-कॅनडियन राष्ट्रवाद आणि उदारमतवाद यांची वैचारिक मुळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नेमका कशाबद्दल होता?

२२ जून १९६० रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ज्याँ लसाज यांचा लिबरल पक्ष निवडून आला. पुढच्या सहा वर्षांत शाळा आणि इस्पितळांवरची चर्चची पकड सुटली, वीज खासगी कंपन्यांकडून प्रांत सरकारकडे आली, सरकारी नोकरशाही नव्याने उभी राहिली. या काळाला ‘शांत क्रांती’ म्हणतात. पण या बदलांमागचे विचार १९६० साली जन्मले नाहीत. १९४५ ते १९६० या पंधरा वर्षांत मॉन्ट्रियलमधल्या दोन गटांनी ते घडवले. एक गट ‘सिते लिब्र’ या नियतकालिकाचा, म्हणजे उदारमतवाद्यांचा. दुसरा ‘ल दव्वार’ या दैनिकाचा, म्हणजे नवराष्ट्रवाद्यांचा.

दोन्ही गट फ्रेंच भाषक आणि कॅथलिक होते, आणि दोघेही तेव्हाच्या सत्तेचे विरोधक होते. एका प्रश्नावर मात्र त्यांचे कधीच जुळले नाही. फ्रेंच भाषक समाज हे राष्ट्र आहे असे धरून क्वेबेक सरकारने त्या राष्ट्राचे हत्यार व्हायचे, की सरकारने प्रत्येक व्यक्तीच्या हक्कांची हमी देऊन थांबायचे? क्वेबेकचे पुढचे राजकारण, दोन सार्वमते आणि भाषाकायद्यांसकट, या प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे.

राष्ट्रवाद आणि उदारमतवाद पहिल्यापासूनच एकमेकांच्या विरोधात होते का?

नव्हते, आणि हे ध्यानात घेतले नाही तर पुढचे काहीच नीट कळत नाही. १७६० साली ब्रिटिशांनी मॉन्ट्रियल घेतले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने हा मुलूख ब्रिटनचा झाला. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने फ्रेंच दिवाणी कायदा आणि कॅथलिक धर्म यांना संरक्षण मिळाले, १७९१ साली निवडून आलेली विधानसभाही मिळाली. या विधानसभेत लुई-जोझेफ पापिनो यांचा पात्रिओत पक्ष वाढला. १८३४ साली या पक्षाने ९२ ठराव मंजूर केले. वरिष्ठ सभागृह निवडून आलेले असावे आणि खर्चावर लोकप्रतिनिधींचा ताबा असावा, या त्यातल्या मुख्य मागण्या. म्हणजे एकाच पक्षाच्या तोंडी राष्ट्राची भाषाही होती आणि लोकशाही हक्कांचीही.

१८३७ च्या वसंतात लंडनने या मागण्या फेटाळल्या आणि नोव्हेंबरमध्ये बंड पेटले. सँ-दनीला बंडखोर जिंकले, पण सँ-शार्ल आणि सँ-अस्ताश इथे त्यांचा धुव्वा उडाला. फेब्रुवारी १८३८ मध्ये बंडखोरांचे एक नेते रॉबर्ट नेल्सन यांनी प्रजासत्ताकाचा जाहीरनामा काढला. त्यात चर्च आणि राज्य यांची फारकत, दोन्ही भाषांचा वापर आणि मूळनिवासींना समान हक्क ही कलमे होती. मॉन्ट्रियलमध्ये बारा जणांना फाशी झाली.

पराभवानंतर ही जोडी तुटली. बंडाच्या आधीच राजसत्तेशी एकनिष्ठ राहायला सांगणाऱ्या बिशपांचे वजन वाढले. बंडाची कारणे तपासायला ब्रिटनने पाठवलेल्या लॉर्ड डरहॅम यांनी १८३९ च्या अहवालात या समाजाला इतिहास आणि साहित्य नसलेले लोक ठरवले आणि त्यांना इंग्रजी समाजात विरघळवून टाकण्याचा सल्ला दिला. त्यातून १८४०-४१ चे एकत्रीकरण आले, म्हणजे आजचे क्वेबेक आणि ऑन्टारिओ मिळून एकच वसाहत झाली. फ्रांस्वा-झाव्हिए गार्नो यांनी १८४५ पासून कॅनडाच्या इतिहासाचे खंड काढले. डरहॅम यांना इतके घट्ट उत्तर दुसऱ्या कुणी दिले नाही. राजकारणात लाफोंतेन आणि बाल्डविन या फ्रेंच आणि इंग्रज सुधारक नेत्यांनी १८४८ पर्यंत जबाबदार सरकार, म्हणजे विधानसभेला उत्तर देणारे मंत्रिमंडळ, मिळवले. बंडात नुकसान झालेल्यांना भरपाई देणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिन यांनी १८४९ साली सही केली, तेव्हा इंग्रज जमावाने मॉन्ट्रियलमधली संसदेची इमारत जाळली. हेच एल्गिन पुढे १८६२ साली भारताचे व्हाइसरॉय झाले आणि पुढच्या वर्षी धरमशाला इथे वारले.

एकोणिसाव्या शतकात उदारमतवाद इतका दबला कसा?

चर्चच्या संघटित ताकदीपुढे. १८४४ साली स्थापन झालेल्या मॉन्ट्रियलच्या ‘ॲँस्तित्यु कनाद्यें’ या संस्थेत वाचनालय होते, व्याख्याने होत, आणि रोमने बंदी घातलेली पुस्तकेही वाचायला मिळत. बिशप इग्नास बुर्जे यांनी १८५८ पासून या संस्थेविरुद्ध मोहीम उघडली. सभासदत्व सोडले नाही तर चर्चचे संस्कार मिळणार नाहीत, इथपर्यंत गोष्ट गेली.

यातला सर्वांत बोलका प्रसंग जोझेफ गिबोर यांचा. ते छपाईच्या धंद्यातले आणि या संस्थेचे सभासद. १८६९ साली ते वारले, तेव्हा चर्चने कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली. त्यांच्या पत्नीच्या बाजूने सुरू झालेला खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मुंबईची अपिले जात तीच ही कचेरी. १८७४ साली निकाल गिबोर यांच्या बाजूने लागला. सप्टेंबर १८७५ मध्ये शवपेटी नेली, तर जमावाने वाट अडवली. १६ नोव्हेंबरला सैन्याच्या पहाऱ्यात दफन झाले आणि कुणी उकरू नये म्हणून पेटीवर सिमेंट ओतले गेले. बुर्जे यांनी तेवढ्या जमिनीवरचे पावित्र्य काढून घेतल्याचे जाहीर केले.

कायद्याने उदारमतवादी जिंकले, समाजात हरले. म्हणूनच विल्फ्रिड लोरिए यांनी जून १८७७ मध्ये क्वेबेक शहरातल्या भाषणात सांगितले की आपला उदारमतवाद इंग्लंडच्या वळणाचा आहे, युरोप खंडातल्या चर्चविरोधी क्रांतिकारकांचा नाही. या तडजोडीमुळे लिबरल पक्ष वाचला आणि १८९६ साली लोरिए पंतप्रधान झाले. पण शाळा कुणाच्या ताब्यात असाव्यात, हा मूळ प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. १८७५ साली क्वेबेकने शिक्षण खातेच बंद केले होते. ते परत सुरू व्हायला १९६४ उजाडावे लागले.

आंरी बुरासा आणि लिओनेल ग्रू यांना एकाच माळेत गोवता येईल का?

नाही. पापिनो यांचे नातू असलेले बुरासा १८९९ साली बोअर युद्धात सैन्य पाठवण्याच्या निषेधार्थ संसदेतून बाहेर पडले. १० जानेवारी १९१० रोजी त्यांनी ‘ल दव्वार’ काढले. त्यांचे राष्ट्र म्हणजे अख्खा कॅनडा : ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धांपासून मोकळा, आणि ज्यात फ्रेंच भाषकांना सगळीकडे समान स्थान आहे असा. पण १९१२ साली ऑन्टारिओने सतराव्या नियमाने शाळांतल्या फ्रेंचवर निर्बंध आणले आणि १९१७ साली सक्तीची सैन्यभरती लादली गेली. या दोन घावांनी ते स्वप्न खिळखिळे केले.

ग्रू हे पाद्री आणि इतिहासकार. १९१५ पासून त्यांनी मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाचा इतिहास शिकवला, १९२० च्या दशकात ‘लाक्स्यों फ्रांसेज’ हे मासिक चालवले. त्यांचे राष्ट्र सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातले : कॅथलिक, फ्रेंच आणि पूर्वजांच्या वारशाने बांधलेले. १९२२ साली मासिकाने फ्रेंच राज्याच्या शक्यतेवर लेखमाला चालवली, तरी ग्रू यांनी उघड स्वातंत्र्यवादी चळवळ उभारली नाही. त्यांच्या लिखाणात ज्यूद्वेषी मजकूर आहे. तो झाकून त्यांचे मोठेपण सांगणे जितके चूक, तितकेच फक्त तेवढाच उचलून त्यांचा प्रभाव नाकारणेही चूक.

परंपरागत राष्ट्रवाद कुठे अडला?

इतिहासकार मिशेल ब्रुने यांनी १९५० च्या दशकात त्याची तीन लक्षणे सांगितली : शेतीची भक्ती, सरकारविषयी संशय आणि आपल्याला देवाने खास कामगिरी दिली आहे ही समजूत. तिन्ही वास्तवाशी भांडत होती. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख लोक क्वेबेक सोडून अमेरिकेत गेले, मुख्यतः न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत. १९२१ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त क्वेबेक शहरी निघाले. पाद्री शेताकडे बोट दाखवत राहिले आणि माणसे कारखान्यात गेली. कारखान्याचा मालक इंग्रज किंवा अमेरिकन, मुकादमही बहुधा इंग्रजी बोलणारा. सरकारविषयीच्या संशयामुळे ही दरी भरून काढू शकणारे एकमेव मोठे साधन, म्हणजे प्रांत सरकार, हातातच घेतले गेले नाही.

सगळेच आंधळे होते असे मात्र नव्हे. एरॉल बुशेत यांनी १९०१ सालीच उद्योग ताब्यात घ्या असे बजावले होते आणि १९०७ साली मॉन्ट्रियलला व्यापार शिक्षणाची उच्च संस्था निघाली. तिथल्या एदुआर मोंपेती आणि एस्द्रास मँव्हिल यांच्यापासून नवराष्ट्रवाद्यांपर्यंत सरळ वाट जाते.

मोरिस द्युप्लेसी इतकी वर्षे टिकले कसे?

द्युप्लेसी १९३६ ते १९३९ आणि पुन्हा १९४४ ते १९५९ असे क्वेबेकचे मुख्यमंत्री होते. त्यांचा पाया ग्रामीण मतदारसंघांना मिळणाऱ्या जादा जागांवर होता. १९४४ साली लिबरल पक्षाला मते जास्त, सुमारे ३९ टक्के. द्युप्लेसी यांच्या यूनियन नॅशनलला ३८ टक्के. पण ९१ पैकी ४८ जागा द्युप्लेसी यांना आणि लिबरल पक्षाला ३७. यात रस्ते, पूल आणि नोकऱ्यांची वाटणी मिळवा, चर्चचा आशीर्वाद मिळवा, म्हणजे यंत्र पुरे होते.

कायद्याचा वापर कसा होई याचा नमुना फ्रँक रॉन्कारेली यांच्या खटल्यात दिसतो. या हॉटेलमालकाने यहोवा विटनेस पंथाच्या लोकांना जामीन दिला, म्हणून १९४६ साली द्युप्लेसी यांच्या सांगण्यावरून त्याचा दारूविक्रीचा परवाना रद्द झाला. १९५९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने द्युप्लेसी यांना व्यक्तिशः जबाबदार धरून ३३,१२३ डॉलर ५३ सेंट भरपाई द्यायला लावली. साम्यवादाच्या संशयावरून घराला टाळे ठोकू देणारा १९३७ चा कायदा १९५७ साली त्याच न्यायालयाने रद्द केला होता.

या राजवटीला ‘महाअंधार’ म्हणायची पद्धत आहे. ती आम्ही जपून वापरतो. याच काळात खेड्यांत वीज पोचली आणि पुष्कळ शाळा बांधल्या गेल्या. १९५४ साली प्रांताचा स्वतःचा आयकर लावून द्युप्लेसी यांनीच पुढच्या सरकारांना पैशाची वाट मोकळी करून दिली. त्यांची स्वायत्तता बचावाची होती : ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, आत येऊ द्यायचे नाही, आणि आपणही फारसे करायचे नाही.

‘सिते लिब्र’ गटाचे विचार कुठून आले?

पिएर ट्रुडो (जस्टिन ट्रुडो यांचे वडील) आणि जेरार पेल्तिए यांनी जून १९५० मध्ये हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा प्रती निघत काही शेच. पेल्तिए कॅथलिक विद्यार्थी संघटनेतून आलेले, ट्रुडो जेझुइटांच्या ब्रेबफ कॉलेजातून. त्यांचा मुख्य आधार फ्रेंच विचारवंत एमान्युएल मुनिए यांचा व्यक्तित्ववाद. श्रद्धा हा व्यक्तीचा जाणीवपूर्वक निर्णय असतो, म्हणून सत्तेने लादलेला धर्म हा धर्मालाच मारतो, असे त्याचे सार. चर्चच्या सत्तेवर त्यांनी केलेली टीका श्रद्धावंतांनी आतून केलेली होती. हे विसरून त्यांना निधर्मी बंडखोर ठरवणे ही नेहमीची चूक आहे. चर्चपासूनचा खरा तुटलेपणा बघायचा असेल तर चित्रकार पोल-एमिल बोर्द्युआ आणि त्यांच्या साथीदारांचा ऑगस्ट १९४८ चा ‘रफ्यू ग्लोबाल’ हा जाहीरनामा आहे. त्यापायी बोर्द्युआ यांची शिक्षकाची नोकरी गेली.

दुसरा आधार कामगार चळवळ. फेब्रुवारी १९४९ मध्ये ॲस्बेस्टॉस आणि थेटफर्ड माइन्स या गावांतल्या सुमारे पाच हजार खाणकामगारांनी संप केला. मागण्यांत पगारवाढ होती आणि जीवघेण्या धुळीपासून संरक्षणही. सरकारने पोलीस पाठवले. मॉन्ट्रियलचे आर्चबिशप शार्बोनो यांनी संपकऱ्यांसाठी चर्चमध्ये मदत गोळा करायला सांगितले आणि १९५० च्या आरंभी त्यांचे पद गेले. पेल्तिए तिथून ‘ल दव्वार’साठी बातम्या पाठवत होते. पुढे १९५६ साली या संपावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ट्रुडो यांनी अर्धशतकाचा राष्ट्रवादी विचार उभा-आडवा तपासला. हा समाज ज्या कारखान्यात जगतो, त्याबद्दल त्याच्या विचारवंतांकडे सांगण्यासारखे काहीच नाही, हा त्यांचा आरोप. आमच्या मते त्या काळातला सर्वांत धारदार मजकूर तो हाच, जरी मोंपेती-मँव्हिल परंपरेला तो न्याय देत नाही.

तिसरा प्रवाह क्वेबेक शहरातल्या लावाल विद्यापीठाचा. डॉमिनिकन पाद्री जॉर्ज-आंरी लेवेक यांनी १९३८ साली तिथे समाजशास्त्रांची शाळा काढली आणि आकडे व पाहणी यांवर बोलणारी पिढी तयार केली.

नवराष्ट्रवादी जुन्या राष्ट्रवाद्यांपेक्षा वेगळे कशात?

१९४७ साली जेरार फिल्यों ‘ल दव्वार’चे संचालक झाले आणि आंद्रे लोरांदो संपादकीय विभागात आले. लोरांदो तरुणपणी ग्रू यांचे अनुयायी होते. १९३३ च्या सुमारास त्यांच्या ‘झन-कनादा’ संघटनेच्या सभेत ज्यूविरोधी भाषणे झाली, ज्याबद्दल त्यांनी पुढे जाहीर खेद मांडला. १९३५ ते १९३७ पॅरिसमध्ये राहून आलेला हा माणूस बदललेला होता. तिथे मुनिए यांचा विचार त्यांनाही भेटला. म्हणजे दोन्ही गटांचे मूळ गुरू काही अंशी एकच.

राष्ट्र टिकवायचे तर शेती आणि चर्च यांवर भागणार नाही, त्यासाठी आधुनिक, खर्च करणारे, शिकवणारे आणि उद्योगात उतरणारे प्रांत सरकार हवे, ही त्यांची नवी भूमिका. म्हणून त्यांनी संपकऱ्यांची बाजू घेतली, शाळा सुधारायची मागणी लावून धरली आणि जून १९५८ मध्ये नैसर्गिक वायूच्या कंपनीचे शेअर मंत्र्यांनी घेतल्याचे प्रकरण उघड केले. द्युप्लेसी स्वायत्ततेच्या गप्पा मारतात, पण हाती असलेले अधिकारही वापरत नाहीत, असा त्यांचा राग होता.

याला इतिहासाचा आधार मोरिस सेगँ, गी फ्रेगो आणि ब्रुने या मॉन्ट्रियलच्या इतिहासकारांनी दिला. १७६० च्या पराभवाने समाजाचा वरचा थर, म्हणजे व्यापारी आणि अधिकारी, कापला गेला. राजकीय सत्ता गेलेला समाज अर्थकारणातही दुय्यमच राहतो. दोष मनोवृत्तीचा नाही, रचनेचा आहे, असे ते सांगत. लावालच्या इतिहासकारांचे, विशेषतः फेर्नां वेले यांचे, म्हणणे उलटे : मागासलेपणाची कारणे समाजाच्या आतल्या संस्थांत आणि सवयींत शोधा. कारण बाहेरचे मानले की उपाय सत्ता मिळवण्याचा निघतो, आतले मानले की सुधारणेचा. म्हणूनच हा इतिहासकारांचा वाद संपादकीयांपर्यंत पोचला.

दोघांची तोंडे नेमकी कुठे फिरली?

केंद्राच्या अधिकारांवर, असे सरधोपट उत्तर मिळते. ते पुरते खरे नाही. १९५१ साली ओटावाने विद्यापीठांना थेट अनुदान देऊ केले. नवराष्ट्रवाद्यांचा विरोध अपेक्षितच होता. पण १९५७ साली ट्रुडो यांनीही विरोध केला. शिक्षण प्रांताकडे आहे, तर केंद्राकडे शिक्षणावर खर्च करायला पैसा उरतो याचा अर्थ ते स्वतःच्या कामापेक्षा जास्त कर गोळा करते, असा त्यांचा युक्तिवाद होता. उलट लावालचे अर्थतज्ज्ञ मोरिस लामोंताञ यांनी १९५४ साली क्वेबेकने नव्या, बळकट संघराज्यात डोळसपणे सामील व्हावे असे मांडले. उदारमतवाद्यांतच दोन तट होते.

खरी फूट राष्ट्र आणि राज्य यांच्या नात्यावर होती. एप्रिल १९६२ च्या लेखात ट्रुडो यांनी राज्य एका वांशिक राष्ट्राच्या नावावर करणे म्हणजे मागे जाणे आहे, असे ठणकावले. लोरांदो यांना हे अर्धेच पटत असे. अल्पसंख्य भाषकाचे व्यक्तिगत हक्क त्याच्या समाजाला संस्था नसतील तर कागदावर राहतात, ही त्यांची अडचण. आमचा कल लोरांदो यांच्याकडे आहे. १९६१ च्या आकड्यांवरून केंद्र सरकारच्या द्वैभाषिकता आयोगाने दाखवले की खुद्द क्वेबेकमध्ये फ्रेंच वंशाच्या पुरुषांचे उत्पन्न चौदा वांशिक गटांत बारावे होते. मतदानाचा हक्क पूर्ण असूनही. निव्वळ हक्कांच्या भाषेत याचे उत्तर सापडत नाही.

मग जिंकले कोण?

क्वेबेक सरकारात आधी नवराष्ट्रवादी. १९६२ ची निवडणूक लसाज यांनी ‘आपल्या घरचे आपणच मालक’ या घोषणेवर जिंकली आणि अकरा खासगी वीज कंपन्या हायड्रो-क्वेबेकमध्ये आणल्या. फ्रेगो १९६१ साली सांस्कृतिक खात्याचे उपमंत्री झाले. १९६५ साली पेन्शनचा पैसा गुंतवणारी सरकारी संस्था निघाली.

ओटावात उदारमतवादी. १९६५ साली ट्रुडो, पेल्तिए आणि कामगार नेते ज्याँ मार्शां केंद्रीय राजकारणात गेले. १९६८ साली ट्रुडो पंतप्रधान झाले, १९६९ साली अधिकृत भाषा कायदा आला आणि १९८२ साली व्यक्तिगत हक्कांची सनद. क्वेबेक सरकारने त्या घटनाबदलाला आजही संमती दिलेली नाही. लसाज यांचे मंत्री रने लेवेक यांनी १९६८ साली पार्टी क्वेबेक्वा काढली, १९७६ साली सत्ता मिळवली आणि १९७७ साली फ्रेंचला प्रांतात प्राधान्य देणारा १०१ वा कायदा केला. १९८० च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या वाटाघाटींना ५९.५६ टक्क्यांनी नकार मिळाला. १९९५ साली हा नकार ५०.५८ टक्क्यांवर आला.

स्त्रिया या कथेत कुठे आहेत?

दोन्ही गटांच्या पहिल्या फळीत जवळजवळ नाहीत, आणि ही दोघांचीही मोठी उणीव. प्रांतिक निवडणुकीत मतदानाचा हक्क १९४० साली मिळाला, तोही तेरेज काग्रँ आणि इतरांच्या दोन दशकांच्या लढ्यानंतर. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने कायदेशीर व्यवहार करता यावा हा बदल १९६४ साली क्लेर किर्कलंड-काग्रँ यांनी मांडलेल्या सोळाव्या विधेयकाने आला. व्यक्तीच्या हक्कांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न फारसा उचलला नव्हता.

वाचायला सुरुवात कशी करावी, आणि चुका कुठे होतात?

फ्रेंच येत असेल तर क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘ल दव्वार’ आणि ‘सिते लिब्र’ यांचे जुने अंक मोफत मिळतात. आधी एक घटना निवडा, १९४९ चा संप किंवा १९५१ चे अनुदान, आणि त्या एकाच घटनेवर दोन्हीकडचे लेख समोरासमोर ठेवून वाचा. सुरुवातीलाच सिद्धान्ताचे लेख घेतले तर नावांच्या गर्दीत वाट हरवते. १९५० च्या आधीच्या घटनेसाठी ‘सिते लिब्र’मध्ये त्या वेळचा मजकूर मिळणार नाही, मागे वळून लिहिलेला मिळेल, तारखा तपासत जा.

तीन ठिकाणी गफलत होते. ‘लिबरल’ पक्ष आणि उदारमतवादी विचार एक समजले जातात. प्रत्यक्षात लसाज यांच्या पक्षाने नवराष्ट्रवाद्यांचा कार्यक्रम राबवला. राष्ट्रवादी म्हणजे स्वातंत्र्यवादी असे धरले जाते; बुरासा आणि लोरांदो दोघेही कॅनडा टिकवू पाहत होते, आणि लोरांदो तर १९६३ पासून १ जून १९६८ रोजी मृत्यू येईपर्यंत संघराज्याच्या द्वैभाषिकता आयोगाचे सहअध्यक्ष होते. तिसरी गफलत इंग्रजीतून वाचणाऱ्यांची. ट्रुडो यांचे लेखन इंग्रजीत सहज मिळते, फिल्यों आणि सेगँ यांचे फार कमी. त्यामुळे वाद एकाच बाजूने ऐकला जातो. फ्रेंच येत नसेल, तर निदान लोरांदो यांचे इंग्रजीत आलेले निवडक लेख ट्रुडो यांच्या आधी वाचावेत.